घेणाऱ्याच्या बाजूने

४ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच घालते आहे, गुडघे हल्ली ऐकत नाहीत.

फोन न करता पत्र का लिहिते आहे ते तुला माहीत आहे. फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझी संध्याकाळ जाते. कागदावर तुला पकडता येतं. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, परक्यांच्या चुका शोधून पगार घेतला, तर सख्ख्या भावाच्या फुकट शोधीन.

बातमी अशी, की मला घर घ्यायचं आहे. हसू नकोस. एप्रिलअखेर मी निवृत्त होते आहे आणि त्याच सुमाराला या भाड्याच्या दोन खोल्याही सोडायच्या आहेत. मालकांची लेक संसार घेऊन इथे राहायला येते आहे. आयुष्यभर भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी आधी परवानगी मागितली. आता जे काही साठवलं आहे त्यात एकच घर येईल आणि एकदाच येईल. चुकलं तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येणार नाही.

तुझ्याच गावात एक घर विकायला निघालं आहे, तुझ्यापासून आठ घरं सोडून. चौकशी केली तर एका एजंटाचं उत्तर आलं. काय त्याची भाषा, पाकिटाला मुंग्या लागायच्या बाकी होत्या. म्हणतो, 'ताई, आपण निश्चिंत राहा, विकणारे आणि घेणारे दोघंही मला सारखेच.' दोघांकडून पैसे घेणाऱ्याला दोघं सारखेच असणार. मी त्याचं नाव मधाचं बोट ठेवलं आहे.

म्हणजे माझ्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं, आणि ते फक्त माझ्याच बाजूने. इथे टेबलावर शब्दकोशाची शेवटची प्रुफं आहेत, एप्रिलपर्यंत मला जागचं हलता येणार नाही. तेव्हा माझा प्रतिनिधी तू. जा, घर नीट बघ, घासाघीस कर आणि खरं काय ते मला कळव. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दिवा धरून कीड शोधलीस, घरातलीही सापडेल.

तुझी,
टाचणी

---

९ फेब्रुवारी

टाचणे,

आशीर्वाद. नेमणूक मान्य. दवाखाना बंद केल्यापासून मला कोणी कशावरच नेमलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

घर छान आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, मागे फरशी घातलेलं अंगण. स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाही, म्हणजे उघडते, थोडीशी. वरच्या खोलीचं दार जरा खाली घासतं, पण ते काही नाही. मागच्या खोलीची भिंत थंडगार आहे, उन्हाळ्यात बरं पडेल. त्याच भिंतीला एक भलंमोठं लाकडी कपाट आहे आणि मालकीणबाई ते तुला तसंच देऊन जाणार आहेत, एक पैसा न घेता. जड आहे, हलवू नका, एवढंच म्हणाल्या.

या मालकीणबाई म्हणजे शाळेत गाणं शिकवायच्या त्या. माझ्या जुन्या पेशंट निघाल्या. खुर्चीत बसायच्या आधीच ज्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, अशांपैकी. बिचाऱ्या अजून तशाच घाबऱ्या आहेत. घर विकलं जातंय की नाही या काळजीने हातातला कप बशीत वाजत होता. मी जरा धीर दिला. तुझं मधाचं बोटही हजर होतं. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली.

किमतीचं बोलणं झालं नाही. पहिल्याच भेटीत ते बरं दिसत नाही.

एकूण, घेऊन टाकावं असं माझं मत आहे. मी फाटकात उभा राहिलो की त्या घराचं दार दिसतं.

दादा

---

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा लाल पेन घेऊन.

एवढ्याशा मजकुरात 'थोडीशी', 'जरा', 'काही नाही', 'बिचाऱ्या' आणि 'वाईट नाही'. ही भाषा मी ओळखते. तू शिकत होतास तेव्हा माझ्याच दाढेवर हात साफ केला होतास. 'काही नाही, थोडंसंच', असं म्हणालास आणि पुढच्या क्षणी मला दिवसा तारे दिसले. घर घ्यायला निघालेल्या बाईला भूल देऊ नकोस. मला जागेपणी घ्यायचं आहे.

आता नीट उत्तरं दे. खिडकी उघडते की नाही? एवढं मोठं कपाट कोणी फुकट का देतं आणि ते हलवायचं का नाही? फेब्रुवारीत थंडगार लागलेली भिंत उन्हाळ्यात कशी असेल याची मला उत्सुकता नाही. हात लावलास तेव्हा हात कोरडा राहिला का, ते सांग. मला इथूनच कुठेतरी पाणी मुरल्याचा वास येतो आहे.

आणखी एक. त्या बाईंना तू धीर दिलास तो नेमक्या कोणत्या शब्दांत दिलास?

प्रतिनिधी म्हणजे काय याचा अर्थ हवा असेल तर माझ्याकडे शब्दकोश आहे. परवाच ते पान तपासलं.

टाचणी

---

१८ फेब्रुवारी

टाचणे,

वकिलीण व्हायचीस, प्रुफांत वाया गेलीस.

उत्तरं अशी. खिडकी: सुतार बोलावून बघता येईल. कपाट: मी सत्तरीचा, ते माझ्याहून म्हातारं, आम्ही एकमेकांना हलवत नाही. भिंत: रंग फिकट निळा आहे, तुला आवडेल. धीर: नेहमी देतो तसा.

तू विचारलेल्या नाहीत अशा काही गोष्टी सांगतो. कोपऱ्यावर वाचनालय आहे आणि तिथली बाई कुजबुजणाऱ्यांना बाहेर काढते, तुमचं जमेल. समोरच्या बाजूला रस्ता रुंद आहे, फिरायला बरा. माझं रोजचं फिरणं त्याच दारावरून असतं. परवा मालकीणबाईंनी आत बोलावलं आणि एक गाणं म्हणून दाखवलं. आवाज अजून चांगला आहे. निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, 'ताई नक्की घेतील ना?' मी म्हटलं, बघू.

खरं सांगायचं तर बघू म्हटलं नाही, पण साधारण तसंच काहीतरी.

दादा

---

१ मार्च

दादा,

मधाच्या बोटाचं पत्र आलं. एक वाक्य तुझ्यासाठी उतरवून देते. 'ताई, आपल्याला एप्रिलअखेर जागा सोडावी लागते आहे आणि आपण दुसरं घर पाहिलेलंही नाही, ही आपली अडचण आम्ही पूर्ण जाणतो.' आणि जाणून त्यांनी काय केलं, तर किंमत वाढवली. किंचितच, असा शब्द आहे.

एप्रिलबद्दल मी त्याला अक्षर लिहिलेलं नाही. हे जगात दोघांना माहीत होतं, मला आणि माझ्या प्रतिनिधीला. म्हणजे गाण्याच्या बाईंचा कप वाजायला लागला आणि माझ्या दादाने धीर दिला, 'काळजी करू नका, माझ्या बहिणीला कुठे जायला जागाच नाही, ती घेतल्याशिवाय राहते कुठे.' असंच ना? तू धीर दिलास आणि तो माझ्या खिशातून दिलास.

आता स्पष्टच विचारते. त्या बाईंवर तुझा जीव जडला आहे का? रागावू नकोस. वहिनी जाऊन अडीच वर्षं झाली, तुला कोणी दोन गाणी ऐकवली तर मला आनंदच आहे. सोयरीक ठरवायला मी पहिल्या गाडीने येईन. पण मग त्यांचं घर माझ्या गळ्यात का मारतोस?

मी दुसरी व्यवस्था केली आहे. आमच्या बाइंडरबाईच्या बहिणीने घर घेताना एक एजंटबाई नेमली होती. ही फक्त घेणाऱ्याचं काम करते. विकणाऱ्याकडून दमडी घेत नाही आणि तसं लिहून देते. तिने करार पाठवला, तीन पानी. मी रात्रीच्या जेवणानंतर लाल पेन घेऊन बसले आणि एकही चूक सापडली नाही. सही करून टाकली.

शनिवारी सकाळी दहाला ती घर बघायला येईल. तू तिला दार दाखव आणि बाजूला उभा राहा.

टाचणी

---

८ मार्च

टाचणे,

तुझ्या एजंटबाई आल्या. कॅनव्हासचे बूट, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर हसू नाही. मी म्हटलं, घर तसं हवेशीर आहे. त्या म्हणाल्या, 'नाही.' मी म्हटलं, चहा? त्या म्हणाल्या, 'नाही.' मी त्यांचं नाव नाहीबाई ठेवलं आहे, तुझ्या मधाच्या बोटाला जोडी.

त्यांनी पिशवीतून काचेची एक गोटी काढली आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी जमिनीवर ठेवली. गोटी आपली आपण चालायला लागली आणि थेट कपाटाखाली गेली. मधाचं बोट म्हणालं, 'जुन्या घरांत असं असतंच.' नाहीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. येताना त्यांनी दोन हमाल सोबत आणले होते. कपाट हललं.

मागची भिंत कंबरेइतक्या उंचीपर्यंत काळी पडली आहे. त्यांनी बोट लावलं तर गिलावा पिठासारखा खाली आला. शेजारच्या घराचा नळ आतून कित्येक वर्षं गळतो आहे आणि त्या कोपऱ्यात जमीनही खचली आहे. गाण्याच्या बाई रडायला लागल्या. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'काही नाही हो, थोडंसंच आहे.'

तेव्हा नाहीबाई माझ्याकडे वळल्या. 'डॉक्टर, तुम्ही इथे कोणाच्या बाजूने आहात?'

मी म्हटलं, बहिणीच्या.

'नाही,' त्या म्हणाल्या. 'आधी तुम्ही तुमच्या बाजूने आहात, मग या बाईंच्या. बहिणीचा नंबर तिसरा लागतो.' आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

आता तुला सांगायचं ते सांगतो, कारण ती बाई नाहीतरी सांगेलच. पहिल्या दिवशीच मी कपाटाच्या मागे हात घातला होता. हात ओला झाला. मी तो रुमालाला पुसला आणि तुला लिहिलं की भिंत थंडगार आहे.

गाण्याच्या बाईंचा यात काही संबंध नाही. त्यांच्या गाण्याला मी अर्ध्यातच पेंगलो होतो. तुझी वहिनी गेल्यापासून मला संध्याकाळी सहा ते नऊ या वेळाचं काय करावं ते कळत नाही. सकाळ जाते. दुपारी झोप लागते. सहा वाजले की मी फाटकात जाऊन उभा राहतो, कोणी येणार असल्यासारखा, आणि कोणीही येणार नसतं. तुझं पत्र आलं, आठ घरं सोडून, असं तू लिहिलं होतंस. त्यानंतर मला त्या घरात दोष दिसेनात. दिसले ते मी झाकले. मला तू जवळ हवी होतीस, आणि त्यासाठी तुझ्या आयुष्याची पुंजी ओल्या भिंतीत घालायला निघालो होतो. मला लाज वाटते आहे. यापलीकडे सारवासारव करत नाही.

दादा

---

१२ मार्च

दादा,

आधी रागावले, मग रडले, मग रडल्याबद्दल पुन्हा तुझ्यावर रागावले. तुझ्या या पत्रात मात्र लाल पेन लावायला जागा नव्हती.

ते घर मी घेत नाही. गाण्याच्या बाईंना नाहीबाईंनी (नाव छान ठेवलंस) नळ कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, शेजाऱ्यांना काय लिहायचं ते सगळं सांगितलं आहे, तेव्हा त्यांची काळजी तू करू नकोस. कृपा करून धीरही देऊ नकोस.

तुला प्रतिनिधी या पदावरून काढलं आहे. भाऊ या पदावरून काढायची सोय नाही, नाहीतर तेही बघितलं असतं.

भिंत लपवलीस ते मी विसरेन. तुझा तो स्वभावच आहे, आणि आपल्या घरात आईपासून सगळ्यांनी तुझ्या 'काही नाही'वर विश्वास ठेवून तुला बिघडवलं. पण सहा ते नऊबद्दल अडीच वर्षांत तू मला अक्षर कळवलं नाहीस. मी दर आठवड्याला विचारायचे, कसा आहेस, आणि तू 'हं' म्हणायचास. ते विसरायला मला वेळ लागेल.

टाचणी

---

१७ मार्च

टाचणे,

बडतर्फी पोचली. योग्य आहे.

मधाचं बोट काल वाटेत भेटलं. या वेळी ओळख दाखवली नाही.

काल सहा वाजता वाचनालयात गेलो. कुजबुजलो म्हणून बाईंनी बाहेर काढलं. पण सात वाजेपर्यंत होतो.

दादा

---

३ एप्रिल

दादा,

जीव टांगणीला लागला आहे. नाहीबाईंनी तीन घरं पाहिली आणि तीनही मोडीत काढली. एकाच्या छपरावर, एकाच्या कागदपत्रांवर आणि एकाच्या मालकाच्या नजरेवर त्यांचा विश्वास बसला नाही. सत्तावीस दिवस उरले आहेत. पुस्तकांच्या ट्रंका भरून तयार आहेत आणि मी त्यांच्यातून वाट काढत चहा करते आहे.

आता चौथं सापडलं आहे. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गॅलरी. खाली चष्म्याचं दुकान, त्याच माणसाचं घर. नाहीबाई म्हणाल्या, 'वाईट नाही.' त्यांच्या भाषेत हा राजवाडा झाला. भाव त्या पाडतील, कागद त्या बघतील, ते मी डोळे मिटून त्यांच्यावर सोडलं आहे. पण सकाळी उठून मी त्या घरात कुठे बसेन, हे त्यांना कळणार नाही. तेवढं कळणारं माणूस मला जगात एकच आहे आणि ते मी नुकतंच बडतर्फ केलं आहे.

अडचण तुला आधीच सांगते. हे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तुझ्याकडून दोन बस बदलून पंचेचाळीस मिनिटं.

मला यायला जमत नाही. शब्दकोशाचा 'स' चालू आहे आणि 'स' संपता संपत नाही. तेव्हा तू जाऊन बघ. या वेळी नेमणूक नाही, विनंती आहे. तू 'घे' म्हणालास तर घेईन, 'नको' म्हणालास तर सोडून देईन. सोडलं तर तीस एप्रिलला ट्रंका घेऊन तुझ्याच पुढच्या खोलीत येऊन पडेन, दुसरा उपाय नाही, आणि खिळा ठोकायला तुझी परवानगी मागत बसेन.

हे सगळं माहीत असूनही तुलाच पाठवते आहे. का ते मला विचारू नकोस.

टाचणी

---

८ एप्रिल

टाचणे,

दोनदा जाऊन आलो, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, कारण घर दोन्ही वेळा वेगळं असतं.

दोष आधी. जिना बावीस पायऱ्यांचा आहे आणि कठडा वरच्या बाजूला हलतो. न्हाणीघरातल्या तीन फरशा तडकल्या आहेत. स्वयंपाकघराचा नळ टिपकतो, मी घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला नऊ थेंब. खाली दुकानात काचा घासायचं यंत्र आहे, ते दहा ते सहा घरघरतं. आवाज माझ्या दाढा कोरायच्या जुन्या यंत्रासारखाच आहे, मला मजा वाटली, तुला नाही वाटणार. रस्त्यावर रहदारी आहे. एका खोलीचं दार लागत नाही. थोडंसंसुद्धा लागत नाही.

भिंती. प्रत्येक भिंतीला हात लावला, कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खाली, मोरीच्या मागे, जिथे हात जाईना तिथे चष्मेवाल्याकडून काठी मागून तिला कापड बांधून. तो बिचारा मला वेडा समजला असेल. सगळं कोरडं आहे. नाहीबाईंची गोटी मी उसनी नेली होती. जिथे ठेवली तिथेच राहिली.

आता तू कुठे बसशील. गॅलरीला लागून जी खोली आहे तिथे सकाळी सातपासून साडेदहापर्यंत ऊन येतं, डाव्या बाजूने, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाही. तुझ्या टेबलाचं माप मला पाठ आहे, आपल्या बाबांचंच ते. दोन बोटं जागा उरते. मी तिथे स्टूल टाकून वर्तमानपत्र उघडलं आणि छोट्या जाहिराती वाचल्या. दोन कॉलम वाचून झाल्यावर लक्षात आलं, चष्मा खिशातच होता.

तुझ्या पत्रातला ट्रंकांचा मजकूर मी बसमध्ये चार वेळा वाचला. येताना मनात एक वाक्य तयार होतं. 'जिना फार उभा आहे, तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही.' ते धड खोटंही नव्हतं. तेवढ्या एका वाक्याने तू माझ्या पुढच्या खोलीत आली असतीस आणि पुढची दहा वर्षं मला सहा वाजल्याचं काही वाटलं नसतं. घरी आलो आणि ते लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात. मग पान फाडलं. जिन्याला मध्यावर रुंद पायरी आहे, तिथे दम खाता येतो. मी सत्तरीचा माणूस दिवसातून दोनदा चढलो.

घर घे.

दादा

---

११ एप्रिल

दादा,

घेतलं. म्हणजे हो कळवलं. नाहीबाईंनी दोन दिवसांत इतक्या वेळा 'नाही' म्हटलं की शेवटी चष्मेवाल्याने किंमत उतरवली, तीन फरशा बदलून द्यायचं कबूल केलं आणि वर त्यांना एक चष्मा देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही, हे सांगायला नकोच.

खरेदीची नोंदणी तेवीस तारखेला आहे. शब्दकोश चोवीसला छपाईला जातो. दोन्हीकडे असणं मला जमणार नाही, म्हणून माझ्या वतीने सही करायला कोणाला तरी अधिकारपत्र द्यावं लागेल. नाहीबाई म्हणाल्या, भाऊ नको, एखादा वकील बघा, भाऊ एकदा घसरलेला आहे. त्यांचं म्हणणं चूक नाही. तरी आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं.

वकिलाला त्या खोलीत ऊन कुठल्या बाजूने येतं हे माहीत नसतं. आणि वकील पान फाडत नाही, त्याला फाडण्यासारखं काही वाटतच नसतं.

सोबत अधिकारपत्र आहे. तुझं नाव मी स्वतः दोनदा तपासलं. ओळखपत्र ने, चष्मा ने, आणि चष्मेवाला रडवेला झाला तरी आपलं तोंड बंद ठेव.

टाचणी

---

२३ एप्रिल

टाचणे,

झालं.

नोंदणी कचेरीत तास दीड तास बाकावर बसवलं. एका बाजूला नाहीबाई, दुसऱ्या बाजूला चष्मेवाले. त्यांच्या लेकीचं लहानपण त्या घरात गेलं आहे, ते सांगताना त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला. तुझी शपथ, मी मिठाची गुळणी धरून बसलो. ओठ आपोआप हलत होते तेवढेच.

आपला पुकारा झाला. खिडकीत एक पोक्त बाई होत्या. कागद चाळत, मान वर न करता त्यांनी विचारलं, 'खरेदीदार हजर नाहीत. त्यांच्या वतीने कोण?'

मी म्हटलं, 'मी.'

'नातं?'

'भाऊ.'

'या घरात तुमचा स्वतःचा काही हिस्सा, हक्क, राहण्याचा विचार?'

हा प्रश्न त्या दिवसाला पन्नास जणांना विचारत असतील. मला उत्तर द्यायला वेळ लागला. त्यांनी मान वर केली. नाहीबाईही माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, 'नाही. काही नाही.' माझ्या सगळ्या आयुष्यात मी हे दोन शब्द हजारो लोकांना म्हणालो असेन, आज त्यांचा मला त्रास झाला. मग जिथे जिथे बोट दाखवलं तिथे तिथे सही केली. नाहीबाईंनी प्रत्येक पान पुन्हा वाचलं आणि माझ्याशी हात मिळवला.

किल्ल्या घेऊन वर जाऊन आलो. खिडक्या उघडून ठेवल्या, घर रिकामं बंद राहू नये म्हणून. कठड्याला दोन खिळे मारले. कोणाला विचारलं नाही, घर तुझं आहे.

मग खाली येऊन बस पकडली. टाचणे, मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि दुसरा थांबा येईपर्यंत मी रडायला लागलो. शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर घेऊन मला नीट जागा करून दिली आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बहिणीने घर घेतलं. त्या म्हणाल्या, मग चांगलंच झालं की, रडता कशाला?

मी म्हटलं, चांगलं आहे हो. लांब आहे.

दादा